लखलखीत गज

२ फेब्रुवारी १९३१

पुन्हा! मिठाची वॅगन रूळ बदलायच्या त्याच सांध्यावर रुळावरून उतरली. सगळं मीठ चिखलात. साहेब माझ्याकडेच बघतो — चाकं तपासणारा मीच ना! पण दोष माझ्या चाकांत नाही. दोन चाकांच्या मधे पितळी गज धरायचा. सहज बसला तर वॅगन पास. अडला तर चाकं आसावर आत सरकली, वॅगन बाद. नियम एवढाच. रोज धरतो, रोज बसतो.

मग राहिलं कोण? सांधा फिरवणारा दयाराम!

३ फेब्रुवारी

दयारामच्या भावाचा मचवा मीठ ओढायला इंजिन आल्यापासून खाडीत रिकामा पडलाय. गाडी उतरली की मचव्याला काम. कळतं मला सगळं! तोंडावर विचारलं, तर म्हणतो, "मिस्त्री, सांदा मी पुरा लावलाय. तुमची चाकाच बगा."

माझी चाकं! दसऱ्याला पुजतो तो गज. बायको, चंद्रा, रोज देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि विटेची पूड लावून घासते, टोकांनासुद्धा हिरवा डाग राहू देत नाही. त्याच्यावर संशय?

६ फेब्रुवारी

साहेबाला सांगितलं. दयारामला काढला. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू!

११ फेब्रुवारी

सांध्यावर आता रघू, चंद्राचा भाऊ. घरचा माणूस. गाडी सुरळीत.

१५ फेब्रुवारी

रघूचा पाय गेला. भरलेली वॅगन सांध्यावर कलंडली ती त्याच्या अंगावर. चंद्राकडे बघवत नाही.

सकाळी गज बसला होता! काल दयाराम तिथल्या बांधावर दिसला — कोलंबी धरत होता म्हणे. कोलंबी! रुळात खडा घातला असणार. फौजदाराकडे त्याचं नाव दिलं.

१६ फेब्रुवारी

दयारामला बेड्या घालून नेलं. त्याची बायको ठमाबाई मला वाटेत आडवी आली. "त्यानी काय बी केला न्हाय, मिस्त्री! तुमाला बी पोरा हायेत!" मी मान वळवली.

१८ फेब्रुवारी

साहेबानं मुंबईहून मागवलेला लोखंडी गज आला. माझ्यावर भरवसा नाही काय? त्या उलटलेल्या वॅगनीच्या चाकांत धरला — अडला. म्हटलं, खोटा माल! माझा धरला — बसला.

मग दोन्ही शेजारी ठेवले. माझा आखूड. अर्धं सूत असेल, पैशाच्या जाडीएवढं. टोकं घासून गुळगुळीत झालीत.

१९ फेब्रुवारी

चौकीवर निघालोय. नोकरी जाईल — जाऊ दे. चंद्राला अजून काही सांगितलेलं नाही. गज माझ्या हातात बघून ती दारात उभी आहे. "थांबा, आधी घासून देते."