खाचेतलं तेल

अण्णा, तुमचा तेलाचा कॅन आज वर्कशॉपच्या माळ्यावरून खाली काढला. तोच, पाच लिटरचा, दुधी प्लॅस्टिकचा. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी तेल कुठवर आहे ते बघून तुम्ही त्याच्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारायचात. अंबडमधला तो एवढासा गाळा, त्यात तुम्ही, मी आणि दोन कारागीर, आणि त्या दोघांपैकी कुणी तेल नेईल म्हणून ही रेघ. मी हसायचे. "अण्णा, ते तेल नेऊन करणार काय, भजी तळणार?" "काय नेलं ते सोड," तुम्ही म्हणायचात, "विचारून नेलं का, ते बघायचं." संशयाचं बाळकडू तुम्हीच पाजलंत, तेव्हा आज तुमच्यावरच संशय घेतेय म्हणून रागावू नका. रागावलात तरी आता काय करणार म्हणा.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. गंगापूर धरणातला गाळ मोजायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. मोजताना बोट एका जागी स्थिर राहावी लागते, म्हणून नांगर, आणि नांगर वर ओढायला मोटरवर चालणारी विंच. ती विंच त्याने आपल्याकडे आणली. दोर घसरतो, म्हणाला. आपण शेतकरी माणसं, नांगर म्हटला की आपल्याला ढेकळं आठवतात, पण तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत. विंचीचं चाक उघडलंत, खाचेत बोट फिरवलंत आणि मला म्हणालात, "बघ, आतले दाते गुळगुळीत झालेत. दोराला धरायला काही राहिलंच नाही." मग ते चाक माझ्यासमोर ठेवलंत. "हे तू कर."

माझा डिप्लोमा होऊन चार महिने झाले होते. काका दर रविवारी चहाला येऊन एकच टेप लावायचे, पोरीच्या जातीला वर्कशॉप झेपत नाही, माझ्या पोराला बसव गल्ल्यावर. तुम्ही हो म्हणायचा नाहीत आणि नाहीही म्हणायचा नाहीत, नुसते बशीत चहा ओतत बसायचात. त्यामुळे हे चाक म्हणजे माझी परीक्षा आहे, हे मला न सांगता कळलं. तीन दिवस तिकोनी कानस घेऊन मी एकेक दाता उठवला. दोराला खाचेत दाबून धरणारी स्प्रिंग नवी घातली. तुम्ही दोराला जड लोखंड बांधलंत, चाकावर आणि दोरावर खडूने एक सरळ रेघ मारलीत आणि मोटर चालू केलीत. दोर आणि चाक बरोबर निघाले, बरोबर थांबले. "धरतोय," तुम्ही म्हणालात. एवढंच. तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

मग खंडेनवमी आली. तुम्ही वणीच्या गडावर गेलात आणि जाताना म्हणालात, हत्यारांची पूजा तू कर. मी गोदाघाटावरून पाटीभर झेंडू आणला. लेथ धुतला, ड्रिल पुसलं, सगळ्या यंत्रांना तुमच्याच पद्धतीने तेलाचा हात फिरवला आणि हळदकुंकू लावलं. ती विंच टेबलावर तयार होऊन पडली होती, दसऱ्यानंतर न्यायला येणार होते. माझं पहिलं काम ते! तिचे लाड मी जरा जास्तच केले. चाकाच्या खाचेत बोट घालून दात्यादात्याला तेल लावलं. लेकराला चोळतात तसं. जिथे दोर धरायचा तिथे तेल! माझ्या डिप्लोम्याच्या नावानं चांगभलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दोर नव्हता, पूजा होती.

बोटीवर विंच बसली आणि दोर पहिल्यापेक्षा जास्त घसरला. दुपारच्या वाऱ्याला बोट वाहत गेली आणि काठच्या दगडांवर आपटली. निरोप आला तसे आपण दोघं स्कूटरवरून धरणावर गेलो. मला तो दिवस अजून दिसतो. बोटीवरचा नावाडी काठावर उभा आहे, काळा, काटक, दंडाला ताईत. तुम्ही आधी खिशातून पुडी काढता, त्याच्या हातावर गडावरचा प्रसाद ठेवता आणि म्हणता, "नवमीला गेलो होतो." तो कपाळाला लावून खातो. मग तुम्ही बोटीत चढता आणि खडूची रेघ मारता. चाक फिरतं, दोर जागच्या जागी. तुम्ही खाचेत बोट घालता, बोट नाकाला लावता आणि मान वळवून त्या नावाड्याकडे बघता.

तो ठेकेदाराबरोबर विंच घेऊन आला त्या दिवसापासून बडबडत होताच, "मिस्तरी, हाताने वढलेला दोर कधी घसरत नाय. ह्या मशिनीचं काय खरं नाय." ते तुमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"तेल कुणी घातलं यात?" तुम्ही विचारलंत.

"मला काय म्हाईत? म्या हात नाय लावला."

"विंच नको होती ना तुला?"

"नको व्हती, म्हनून काय तेल घालीन? अकरा वर्सं झाली मला या पान्यावर, मिस्तरी. बोट वाहिली तं आधी मीच मरंन ना!"

मी पाना-पकडीची पिशवी घेऊन चार हातांवर उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो, अण्णा? पण काकांचा आवाज कानात घुमत होता, आणि मी त्या पिशवीचा बंद घट्ट करत राहिले. तुम्ही चाक रॉकेलने धुतलंत, दोर बदललात, आणि विंचीने नांगर असा धरला की बोट हलेना. ठेकेदाराला तुम्ही स्वच्छ सांगितलंत, तुमच्या माणसाचं काम आहे हे. त्या आठवड्यातच त्याने नावाड्याला काढून टाकलं. वर्कशॉप माझ्याकडे आलं. काकांनी चहाला येणं कमी केलं.

आता माझा संशय ऐका. आयुष्यभर ज्या तेलात तुमचे हात बुडालेले, त्याचा वास तुमच्या नाकाला कळला नाही? नावाड्याकडे इंजिनाचं ग्रीस होतं, काळं, जळकट. आपलं तेल कसं वास देतं ते मीसुद्धा डोळे मिटून सांगेन. आणि हा कॅन. याच्यावरच्या सगळ्या रेघा एकमेकींना खेटून आहेत, फक्त एका ठिकाणी दोन बोटांची फट आहे. त्या नवमीला मी सढळ हाताने ओतलेलं तेल. दसऱ्याच्या संध्याकाळी तुम्ही आलात, कॅन उचललात, खालची रेघ मारलीत आणि ठेवून दिलात. थेंबासाठी कारागिरांना उभं-आडवं घेणारा माणूस, कुणालाच काही विचारलं नाहीत. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तुम्ही गडावर गेलाच नाहीत. खंडेनवमीला टेबलावर कुठल्या तरी क्रेनचं दोराचं चाक पडलं होतं. ते तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधलंत, मग माझ्या हातात नुसता झेंडू दिलात आणि म्हणालात, "तू फुलं वाहा, तेलाचं मी बघतो."

तुम्हाला माहीत होतं ना? का फक्त मला तसं हवंय? कारण तुम्हाला माहीत असलं तर त्या माणसाच्या पोटावर पाय देणारे आपण दोघं होतो, आणि नसलं तर मी एकटी. हे विचारायला तुम्ही होतात तोवर माझी हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली तेव्हा तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मागच्या महिन्यात तो मला भेटला. सोमेश्वरला, रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकत बसतो. मी ओळखलं ते दंडाच्या ताइतावरून. त्यानेही मला ओळखलं. "मिस्तरींची ताई ना तुमी? कसे हायेत मिस्तरी?" गेले, म्हटलं. तो हळहळला, खरंच हळहळला. मला राहवलं नाही. म्हटलं, एक सांगायचं होतं, त्या विंचीला तेल तुम्ही लावलं नव्हतं. तो म्हणाला, "ते मला म्हाईत हाय, ताई." आणि तिथे, इतक्या वर्षांनी तोंड उघडल्यावर, मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "पूजेच्या दिवशी अण्णांकडूनच लागलं. त्यांना फार वाईट वाटायचं."

तो माझ्यासाठी शेंगांची पुडी बांधत होता, थांबला. "पूजेच्या दिशी? खंडेनवमीला?" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "त्या दिशी तं मिस्तरी गडावर गेलते ना? परसाद दिला व्हता मला."

मी पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागले. त्याने माझी पुडी परत उघडली, त्यात वरून एक मूठ शेंगा टाकल्या, पुन्हा बांधली आणि माझ्या हातात दिली.

हे सगळं लिहिलं ते जॉबच्या वहीच्या मागच्या पानांवर, आणि वही कॅनखाली ठेवून दोन्ही परत माळ्यावर टाकणार आहे. त्या शेंगा माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत, असं वर लिहायचं मनात होतं. उतरल्या, अण्णा. गरम होत्या. अंबडला पोचेपर्यंत मी सगळ्या संपवल्या होत्या.