काळकुंडात मेलेली माणसं

२ फेब्रुवारी, रविवार

पाच मिनिटांत माझा राखणदार ठार! वेशीत पाऊल टाकल्या टाकल्या कुमारने कुऱ्हाड घातली. महिनाभर खपून मी त्या म्हाताऱ्याला लंगडा पाय दिला, हातात कंदील दिला, मेलेल्या मुलाचं दुःख दिलं. कुमार म्हणतो, "मॅडम, वाटेत आला ना तो."

या खेळाची कल्पना प्रेरणाची. भाच्याची मुलगी, भोरला कॉलेजात आहे. टेबलावर नकाशा मांडायचा. ती गोष्ट सांगणार. तिच्या वर्गातले कुमार, बंटी आणि माधुरी गोष्टीतली माणसं होऊन काय करायचं ते ठरवणार. जमलं की फसलं ते फासा सांगणार. गाव मात्र आधी कोणीतरी रचून द्यावं लागतं. "आत्याआजी, तुझ्याएवढं वाचलेलं माझ्या ओळखीत कोणी नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले! शाळेतून निवृत्त होऊन या वाडीत घर बांधलं ते शांततेसाठी. आता दर रविवारी माझ्या ओट्यावर कत्तल.

चहा होईपर्यंत काळकुंड गावचा गुरव मेला, पाणवठ्यावरच्या बाया मेल्या, एक कुत्रं मेलं. कुत्रं कशाला? "भुंकलं," बंटी म्हणाला.

आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलं होतं, परक्याच्या घरी गेलात तर आधी नमस्कार करा. या कार्ट्यांना कोणी काही शिकवलंच नाही!

५ फेब्रुवारी

चूक माझीच. काळकुंड पुस्तकी झालंय. कुणालाही कापावं असं. आमच्या सिस्टर निबंध परत करताना म्हणायच्या, डोळ्यांनी पाहिलेलं लिही.

मग घेतली आमचीच वाडी. ओढा, दुभंगलेला पिंपळ, देवीचं देऊळ, सगळं जसंच्या तसं. फासे काढून टाकले. त्याऐवजी कौल. आमच्या देवळात लावतात तसा: देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. काळकुंडात रक्त सांडायचं असेल तर आधी कौल. बघू आता!

आणि एक चेटकीण हवी. ओढ्यापलीकडचं शेवटचं घर, एका डोळ्यात फूल पडलेलं, पांढरी शेळी, शेळीशी दिवसभर गप्पा. म्हणजे आमची धोंडाबाई. उतरवून काढली सबंध.

ती दूध घेऊन आली तेव्हा मी तिचंच लुगडं लिहीत होते.

"दिसभर काय लिवता, बाई? मिरत्यूपत्र?"

"गाव लिहितेय."

"हितं हाय की एक. त्येच निस्तरंना, आन दुसरं कशाला?"

दूध पाणचट होतं. तसं म्हटलं तर म्हणाली, "शेळीला इचारा. म्या न्हाई पानी घालत, ती पिती."

९ फेब्रुवारी, रविवार

काय रंगला आज खेळ! आमच्या गुरवाकडून पितळी मुखवटा मागून आणला होता, त्याला खरी फुलं लावली. माधुरी श्वास रोखून बसली होती. काळकुंडातल्या म्हशी तोंडाला फेस येऊन पटापट मेल्या. चेटकीण कोण? एकेकाच्या नावाने कौल. शेवटच्या घरातल्या म्हातारीला देवीने राखावं का? डावं फूल पडलं!

ओढून काढली तिला. केसांना धरून पिंपळापर्यंत. कुमारने एकेक घाव सांगितला, बंटीने घर पेटवलं. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. गावाला जीव आला होता.

११ फेब्रुवारी

बंटीने त्याचा व्हिडिओ केला. एसटीची वाट बघताना आमचा ओढा आणि पिंपळ मोबाईलवर घेतला, वर माझा मजकूर घोगऱ्या आवाजात वाचला. "जाहिरात, मॅडम!" खेळ आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वाडीच्या ग्रुपवरही टाकलाय. मी त्याला उच्चारांवरून झापलं. 'काळ'चं 'काल' करतो गाढव.

१६ फेब्रुवारी, रविवार

खेळ झाला नाही. वाडीतल्या चिमाजीची म्हैस मेली. डॉक्टर मार्गासनीहून येऊन सांगून गेले, पोटफुगी. पोटभर ओला लसूणघास खाल्ला होता तिने. पण चिमाजी माझ्या अंगणात मोबाईल धरून उभा.

"तोंडाला फेस व्हता, बाई. ह्यात सांगितलाय तस्साच."

"अरे, तो खेळ आहे. मी मनाने लिहिलंय."

"मग आमचा पिंपळ कशापायी त्यात? आन म्हातारीचा डोळा?"

मी मोबाईल त्याच्या हातातून घेतला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

बंटीला फोन केला: काढ तो व्हिडिओ. त्याने काढला. "पण मॅडम, लोकांनी आधीच पुढं पाठवलाय."

१८ फेब्रुवारी

झालं तसंच लिहिते.

सकाळी देवळात चिमाजीने धोंडाबाईच्या नावाने कौल लावायला लावला: हिला देवीने राखावं का? गुरव नको म्हणत होता. डावं फूल पडलं.

आरडाओरडा ऐकून मी गेले तोवर तिला ओढ्यातून ओढत आणली होती. केसांना धरून. पिंपळापर्यंत! चिमाजीच्या हातात पराणी, बैलाला टोचायची. पाठीत मारत होता. बायका चपलांनी तोंडावर मारत होत्या. यातल्याच दोघी काल माझ्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. शेळीचा गळा चिरून तिला धोंडाबाईच्या अंगावर टाकलं. रक्त कुणाचं किती, कळत नव्हतं.

मी छत्री घातली चिमाजीच्या मनगटावर. सारं बळ एकवटून. हाड वाजलं असेल तर बरं झालं! मलाही एक ढकल बसली, गुडघे फुटले. धोंडाबाई चिखलातून माझ्याकडे बघत होती, चांगल्या डोळ्याने.

"बाई, तुमी शिकल्याली मान्सं. सांगा की यास्नी म्या कोन हाय ते."

तेव्हा कुठे हात थांबले. टेम्पोतून भोरच्या दवाखान्यात नेली. डोक्याला टाके, दोन बरगड्या मोडल्यात. माधुरी धावत आली. कोपऱ्यात उभी राहून रडली. मी म्हटलं, रडू नकोस, रक्तदान कर.

२० फेब्रुवारी

पोलीस आले होते. जादूटोण्याचा कायदा आहे, आत टाकू म्हणाले. फक्त तिनेही नावं सांगायला हवीत, तुमच्या एकटीच्या जबाबावर भागणार नाही. मी माझा जबाब दिला, छत्रीसकट. धोंडाबाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"अगं, सांग ना नावं!"

"तुमाला पुन्यात भाऊ हाय, बाई. मला शेवटचं घर हाय. मला तिथंच ऱ्हायचंय."

तेच आता कठीण आहे. शनिवारी तिला सोडणार. आणि शनिवारीच वाडीत पुन्हा कौल: तिला शिवेच्या आत घ्यायची की नाही. चिमाजी सांगत फिरतोय, डावं पडलं तर घर पेटवू. आत कोण आहे ते बघणार नाही.

प्रेरणा म्हणते, आत्याआजी, पुण्याला चल, तिलाही घेऊन येऊ. ती येणार नाही. आणि मी पळणार नाही. मी पळाले तर तिच्या दारात फक्त माझं लिखाण उरेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले. लंगडत गेले. देऊळ भरलेलं. फुलं लावून झाली होती, सगळे खांद्यांकडे टक लावून. डावं फूल सुटायला आलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

मी आत शिरले आणि दोन्ही फुलं हाताने उपटली.

गुरव किंचाळला. चिमाजी उठला, दुसऱ्या हातात काठी. पहिल्याचं मनगट बांधलेलं! मी तिथेच पायरीवर उभी राहून ओरडले. वर्गात ओरडायचे तशी. म्हटलं, देवीला काय विचारता? मला विचारा! म्हशीचा फेस मी लिहिला. चेटकीण मी लिहिली. डोळा, शेळी, पिंपळ, केसांना धरून ओढणं, सगळं माझ्या पेनातून आलंय. धोंडाबाईने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं. मारायचं तर मला मारा!

कोणी हललं नाही. चिमाजीची काठी हळूहळू खाली आली. एकेक करून सगळे देवळाबाहेर गेले. माझ्यापासून अंतर ठेवून.

शरमले असतील. शेवटी स्पष्ट, खरं बोललं की माणसाला कळतं. उगाच नाही बत्तीस वर्षं शिकवलं!

धोंडाबाई दुपारी घरी आली. कोणी अडवलं नाही.

२५ फेब्रुवारी

वाडीत केवढा फरक! माझ्या वाटेत आलेली माणसं बाजूला होतात. पाण्याचे हंडे न सांगता दाराशी. विरजणवाल्या दोघींनी धोंडाबाईचं अंगण सारवून दिलं. चिमाजीने तिला नवी शेळी आणून बांधली आणि मला लांबूनच हात जोडले. मान खाली.

प्रेरणाला फोनवर सांगितलं, शिक्षणाने माणूस बदलतो. ती म्हणाली, "आत्याआजी, तू नेमकं बोललीस काय त्यांना?" काय बोलले म्हणजे? खरं ते!

काळकुंडचे कागद अजून जाळलेले नाहीत. उद्या जाळते.

२ मार्च, रविवार

धोंडाबाई आली. डोक्याला अजून पट्टी. ओट्यावर बसली, काळकुंडचे कागद हाताने माझ्याकडे सरकवले.

"लिवा, बाई. चिमाजी मेला म्हनून."

ती थट्टा करत नव्हती. पराणीचे वळ मानेवर काळेनिळे. बाहेर रस्त्याने चिमाजी उरलेल्या म्हशीला घेऊन चालला होता, आमच्या दाराकडे न बघता.

मी टोपण काढलं.

"आडनावासकट लिवा," ती म्हणाली. "वरल्या आळीला दुसरा चिमाजी हाय. गरीब हाय बिचारा."