कासारणीची पानं

१७ जानेवारी १९७३, बुधवार

दुष्काळी कामावरून आले तर ओसरीवर देशमाने गुरुजी बसलेले. मांडीवर धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा. "झाली एकदाची," म्हणाले. कादंबरी. हे होते, वाचनालय सांभाळत होते, तेव्हा दोघं तिथे बसून हिच्यावरच बोलायचे. मला वाटायचं, ही बोलण्यातच राहणार.

पुण्याचा एक प्रकाशक छापायला तयार आहे, पण पुस्तक फार लांबलं म्हणतो. त्यातली काकणं भरणारी कासारीण काढून टाका, ती गोष्टीला लागत नाही, ती काढली की छापतो. नाहीतर गठ्ठा परत न्या.

"वहिनी, तुम्ही वाचनालयातलं एकूण एक पुस्तक वाचलंय. ती लागते की नाही, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

म्हटलं, गुरुजी, मी शाळेची पायरी चढलेली नाही. ह्यांनी पाटीवर गिरवून घेतलं तेवढंच.

म्हणाले, "म्हणून तर आलो. शाळेतल्यांना विचारलं. सगळे छान छान म्हणाले."

शिवरात्र झाली की पुण्याला जाणार. दुसरा प्रकाशक हाताशी नाही. तोवर सांगायचं. उगीच हो म्हटलं असं आता वाटतंय.

१९ जानेवारी

निम्मी झाली. भाकरी थापताना एक डोळा गठ्ठ्यावर. मिलोची, रेशनवरच्या त्या परदेशी तांबड्या ज्वारीची भाकरी तशीही नीट थापली जात नाही, मोडली तरी कळत नाही.

रखमाची गोष्ट. नवरा टाकून गेला, भावकी शेत बळकावायला बसलेली. रागाच्या भरात तिनं जोत्यावर हात आपटून काकणं फोडली, पुन्हा घातली नाहीत. मग तालुक्याची कचेरी, तलाठी, वकील, तारखांवर तारखा. वकील असा उभा केलाय की त्याच्या कोटाला येणारा डांबरगोळ्यांचा वास आला मला. गुरुजी शाळेत छडी घेऊन उभे राहतात तेव्हा या माणसाच्या डोक्यात एवढं चाललेलं असेल, कुणाला वाटलं असतं?

२१ जानेवारी, रविवार

संपवली. आज भाजी आणायला गेले नाही.

कासारणीबद्दल. भागाबाई नाव. डोक्यावर टोपली, दर दोन-तीन महिन्यांनी गावात येते. रखमा काकणं घालत नाही, तरी शेवटी तिच्याच दाराशी येऊन टोपली उतरवते. पाणी पिते. कुठं पाऊस झाला, कुणाची म्हैस व्याली, ते सांगते. जाते. निरोप आणत नाही, पैसे देत नाही, साक्षीला उभी राहत नाही. प्रकाशकाचं म्हणणं खोटं नाही. ती काढली तर एक तारीख इकडची तिकडे होत नाही.

पण टोपली उतरवते कशी, ते वाचावं. आधी एक गुडघा टेकते, मग मान ताठ ठेवून दोन्ही हात वर नेते, आणि टोपली जमिनीला लागल्यावरसुद्धा थोडा वेळ मान तशीच ताठ. वजन उतरलंय हे मानेला उशिरा कळतं. असं लिहिलंय! मी रोज डोक्यावर मातीच्या पाट्या वाहते, मला सांगता आलं नसतं.

आणि एकदा बोलता बोलता रखमाचा हात हातात घेते. सवयीनं बोटं जुळवते, अंगठ्याचं हाड दाबते, काकण चढवायच्या आधी दाबतात तसं. मग ध्यानात येतं, हिला घालायची नाहीत. हात सोडत नाही. म्हणते, "माप तेच हाय गं तुजं." रखमा रडते. सगळ्या पुस्तकात तेवढं एकदाच.

ते पान दोनदा वाचलं. मग उठून पाणी भरायला गेले. हे गेल्यावर माझा हात असा कुणी

असो.

२३ जाने.

गुरुजी वाटेत भेटले. म्हटलं, मला ती आवडली. म्हणाले, "आवडली ते कळलं. लागते का?" मास्तर तो मास्तर. मग स्वतःच म्हणाले, "एकदा तिला गाळून कुणाला तरी वाचून दाखवा. गोष्ट अडते का बघा."

कामावरच्या बायांना वाचणार. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर तासभर लिंबाखाली बसायला मिळतं.

२५ जाने.

सुरुवात केली. तलावाची माती टाकून हातपाय गळालेले, तरी बाया जमल्या. शेवंता पहिली आली. तिला बाळंतपणानंतर पाट्या झेपत नाहीत, ती खडी फोडते.

सरूबाई पुढ्यात येऊन बसली. म्हातारीची ऐट बघावी. "हुंकार म्या देनार. माज्या सासूनं दिलाय, म्या देती. वाचनारीनं दम घेतला की 'हं' म्हनाया पायजे, न्हाईतर भितीला सांगितल्यागत हुतंय."

शेवंता म्हणाली, "आत्ती, मदीच घोरू नका म्हंजी झालं."

"तुज्या नवऱ्यागत घोरती व्हय गं मी?"

सगळ्या हसल्या. हसण्यातच निम्मी सुटी गेली. पण गोष्ट लागली. सरूबाई बरोबर जागेवर "हं" म्हणते. चांगली वाचणारीण आणि चांगली हुंकार देणारी, म्हणजे बैलजोडी. मला वाचताना जोर आला.

३ फेब्रुवारी

रोज थोडं थोडं. कासारणीची पानं गठ्ठ्यातून काढून घरी ठेवली आहेत. मुकादमसुद्धा हजेरीच्या वहीत बघितल्यासारखं करून ऐकतो. आज रखमाच्या भावकीतल्या दिराला त्यानं आईवरून शिवी घातली, मग चपापला.

११ फेब्रु., रविवार

काल संपली. रखमाला शेत मिळालं. बायांनी तोंडं गोड झाल्यासारखी केली. सरूबाईचा हुंकार पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकदाही चुकला नाही.

कुणी विचारलं नाही की मधे काही राहिलं का. कुठं अडलं नाही.

म्हणजे लागत नाही. गुरुजींना तसं सांगावं लागेल. खोटं सांगून त्यांचं छापायचं घालवू कशी? इतक्या वर्षांचं काम आहे.

संध्याकाळी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले. पंचायतीचा नवा शिपाई आता कुलूप उघडतो. वेळेवर उघडतो, कंदिलाची काच पुसतो, नोंद करतो. कुणाला काही कमी पडत नाही. कमी पडू नयेच. हे नाहीत म्हणून वाचनालय बंद पडलं असतं तर ह्यांनाच वाईट वाटलं असतं. तरी त्या खुर्चीकडे बघून मला

पुस्तक न बदलताच आले.

१३ फेब्रु.

सुटीत सरूबाई म्हणाली, "आज काय वाचायचं मग? मोकळं मोकळं वाटतंय." म्हटलं, काही पानं राहिलीत, कासारणीची, गोष्टीत लागत नाहीत म्हणून गाळली होती. "लागत न्हाईत तर ऱ्हाऊं दे," म्हणाली. मग म्हणाली, "आन उद्या. बसून तरी काय करायचंय."

१४ फेब्रु.

पानं नेली. भागाबाई पहिल्यांदा येते तिथून सुरू केलं. टोपली उतरवते तिथे सरूबाईचा हुंकार नेहमीचा. म्हैस व्याली, तिथेही. मग हाताचं पान आलं. मी दम घेतला, हुंकार नाही. एक ओळ पुढे वाचून पुन्हा थांबले. नाही. पुढे पुन्हा तसंच.

मला वाटलं, झोपल्या. ऊन तसलंच होतं, पोटं अर्धी. मनात म्हटलं, प्रकाशकाचं खरं, ह्या बाईनं झोप येते. वाईट वाटलं. पानं मिटली, पिशवीत घातली आणि मग वर बघितलं.

एकही झोपलेली नव्हती. शेवंतानं आपलाच हात मनगटाशी धरला होता. एक बाई पदराची कड चावत बसली होती.

सरूबाई खेकसली, "थांबलीस का गं?"

"तुम्ही हुंकार कुठं दिला?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग बाकीच्यांकडं. "इसरले की गं," म्हणाली. तोंडावर हात ठेवला. "माज्या जल्मात इसरले न्हवते."

मी पानं पुन्हा काढली. शिट्टी झाली तरी वाचत होते. मुकादम आला, उभा राहिला, आणि पान संपल्यावर म्हणाला, "चला, आता उठा."

१५ फेब्रु.

आज मी मुद्दाम वाद घातला. म्हटलं, सरूबाई, तिच्याविना पण गोष्ट झालीच की.

"झाली की. म्या कुटं न्हाई म्हन्ती?"

"मग?"

"आदी ती रखमा कचेरीतली हुती. दुसऱ्याची. आता माज्या वळकीची झाली." मग वैतागली. "तू लई इचारतीस."

शेवंता म्हणाली, "काकी, मला वाटलं ती रडतच नसंल. खमकी हाय तर रडंल कशाला? ती कासारनीपाशी रडली तवा कळलं, ती कचेरीत किती धरून हुती."

ह्या पोरीला मी वाचायला शिकवणार आहे. आजच बोलले. ती म्हणाली, नवरा हसंल. म्हटलं, हसू दे, आमचे पण पहिल्यांदा हसले होते.

१८ फेब्रु., रविवार

गुरुजींकडे जाऊन आले. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आधी गाळून वाचलं, काही अडलं नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे लागत नाही," म्हणाले. चेहरा पडला, पण शहाण्यासारखी मान हलवली.

"गोष्टीला लागत नाही. रखमाला लागते," म्हटलं. "तिच्याविना रखमा शेत जिंकते, पण ते जिंकायला तिनं काय काय आवरून धरलं, ते कुणाला दिसत नाही. शिवाय..." पुढे मला सांगता येईना. मग हुंकार थांबला ते पुन्हा सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, हे मी प्रकाशकाला कसं सांगू? तो विचारील, हुंकार म्हणजे काय."

"आणि नाहीच छापलं तर?" मीच विचारलं. तेच मला सारखं खातंय. माझ्या एका शब्दावर गठ्ठा परत फडक्यात जाईल.

"तर नाही," म्हणाले. पण आवाजात तेवढी तयारी नव्हती. त्यांच्या मंडळी आतून म्हणाल्या, "ठेवा हो ती कासारीण. वीस वर्षं माझ्या घरात आहे, आता कुठं घालवता तिला?"

६ मार्च

शिवरात्र झाली. गुरुजी सकाळच्या एस.टी.ने गेले. फाट्यापर्यंत मी आणि त्यांच्या मंडळी सोबत. गठ्ठा पूर्ण नेला की पानं गाळून, मी विचारलं नाही. बघून काही कळेना. फडकं तेच, गाठ पक्की.

१० मार्च, शनिवार

गुरुजी काल आले. गठ्ठा पूर्णच दिला म्हणाले. प्रकाशकानं हातात धरून जाडी बघितली, हसला, "ठेवून जा, बघतो" म्हणाला. बाकी काही नाही. होही नाही, नाहीही नाही. गुरुजी थकलेले दिसले, पण मला म्हणाले, "टेबलावर ठेवताना हात हलका झाला." त्यात मला बरं वाटावं म्हणून किती आणि खरं किती, कोण जाणे.

आज सुटीत बायांना हे सांगितलं. शेवंता अक्षरं गिरवत होती, खडीच्या कपचीनं, मातीत.

सरूबाईला प्रकाशकाचं काही वाटलं नाही. म्हणाली, "ते ऱ्हाऊं दे. रखमाला शेत मिळालं, तिचं कळलं. त्या कासारनीचं फुडं काय झालं?"

"तिचा शेवट गुरुजींनी लिहिला नाही."

"मेली का?"

"नाही लिहिलं."

"घरी बसली का?"

"तसंही नाही."

म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला, घमेलं उचललं.

"मंग हिंडती हाय अजून," म्हणाली.