बोटीचा खांदा

बाबा, तुमची बोट मी उलटी केली. तुम्ही ट्रॉलीवरून उतरवून गोठ्यात ठेवली होती, तिथंच माणसं बोलावून पालथी घातली आणि खाली ट्रकचे जुने टायर दिले. पुढून बुडापर्यंत गेलेली भेग तेव्हा कुठं नीट दिसली. मी तिला दुरुस्त करणार म्हटल्यावर दादा पुण्याहून फोनवर हसला. "कर. झाली की सांग. पह्यली फेरी मी मारीन, बाबानं मलेच शिकवलं हाय." हसतो अगदी तुमच्यासारखा. त्याच दिवशी मी ठरवलं, पहिली फेरी माझी.

धरणावर तुम्ही पाटबंधारे खात्याची ही बोट चालवायचा, तेव्हा आम्ही दोघं तुमचा डबा घेऊन यायचो. डबा दोघांनी आणायचा आणि बोटीत बसायचं एकट्या दादानं. तो मागं बसतो, तुम्ही त्याचा हात इंजिनच्या दांड्यावर ठेवता, वर तुमचा हात. मी म्हणते, "बाबा, मले बी." तुम्ही इंजिनची दोरी ओढता ओढता म्हणता, "तुले कायले पायजे वो इंजिन? बस तिथं, डब्याकडे पाह्य." मग इंजिनचा आवाज लांब लांब जातो आणि दादा उभा राहून हात हलवतो. मी कधी हात हलवला नाही. जळत होते मी, बाबा. आता केस पिकले तरी जळतेच आहे.

खात्यानं बोट भंगारात काढली आणि तुम्ही ती घरी आणली. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे शेकले, पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळली, आणि उरलेली वाटी घेऊन बोटीपाशी गेलात. तिचं नाक जिथं संपतं तिथं, बैलाचा खांदा असावा तसं, हातानं हळूहळू चोळत राहिलात. बैलांना म्हणतात तेच तिला म्हणालात, "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये." आई म्हणाली, येड लागलं यायले. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, तरी तुमचा नेम चुकला नाही. दर पोळ्याला एकटी बोट आणि तिचा खांदा. तिला माय म्हणायचा! माझ्या डोक्याला तुम्ही एकदा तरी तेल लावल्याचं मला आठवत नाही. दादाचा हेवा मी समजू शकत होते. फायबरच्या बोटीचा हेवा करावा लागणं, याला काय म्हणावं?

या उन्हाळ्यात पांढरकवड्याहून फायबर जोडायचं रेझिन आणलं, काचेच्या धाग्यांची जाळी आणली. आपल्याकडच्या वैशाखात ते रेझिन कालवायच्या मगातच धूर सोडून दगड होतं, म्हणून ऊन चढायच्या आत काम उरकायचं. अंगभर काचेची खाज, आंघोळ केली तरी जात नाही. तरीही बुडाची भेग छान बुजली. मागची कुजलेली फळी बदलली. फक्त खांद्यावरचा जोड धरेना. रात्री घट्ट वाटायचा, सकाळी नख लावलं की पापडासारखा हातात. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई बाजूला तूर निवडत बसली होती. म्हणाली, "तिथं काही टिकत नाही वो. किती वर्सं लोनी मुरवलं तुह्या बाबानं त्या जागी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मले कधी लावलं का?"

आईनं सूप खाली ठेवलं. "बोटीवर जळून राह्यली का तू?"

"हो," म्हटलं.

मग ग्राइंडर घेतला आणि तुमचं सगळं लोणी, सगळी हळद घासून काढली. पिवळट थर गेला, त्याखालचा तेलकट थर गेला, थिनरनं पुसपुसून कोरा पांढरा फायबर वर आणला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्या जागेवर मग जाळीवर जाळी बसवली. या वेळी नखानं नाही, स्क्रूड्रायव्हरनं उचकटून पाहिलं. जोड हलला नाही.

धरण भरलं तशी मासे धरणाऱ्यांच्या मदतीनं बोट पाण्यात उतरवली. इंजिन तुमचंच, मी व्हिडिओ पाहून खोललेलं. बऱ्याचदा दोरी ओढल्यावर खोकलं आणि लागलं. एकटी गेले. बुडालेल्या झाडांचे खुंट कुठं आहेत, कुठं वळायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. काठावरून इतकी वर्षं टक लावून पाहिलं होतं, तेवढं पुरलं. पाय कोरडे ठेवून परत आले.

परवा दादाचा फोन आला. "झाली का वो बोट? पोळ्याले येऊ का?"

"नाही दादा. खांद्याचा जोड अजून सुटून राह्यला."

"मंग राहू दे. तुह्याच्यानं नाही होनार ते."

आई समोरच होती. तिनं माझा डबा भरायला घेतला. त्यानंतरही मी रोज धरणावर जाते आहे. बाबा, तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही दादाला सांगितलं असतं. सगळं त्यालाच सांगायचा तुम्ही.