आमच्या गाडीचे दोन पांढरे

३ नोव्हेंबर

गाडी आज गोखिवऱ्याला, गाड्या रंगवणाऱ्या इनासच्या गाळ्यात सोडली. नऊ वर्षं झाली तरी वरचा पांढरा पत्रा धड आहे. रया गेलीय ती खालच्या काळ्या प्लास्टिकची. चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, बंपरचा खालचा भाग. उन्हाने आणि खाऱ्या हवेने पार राखाडी. सुहासचं म्हणणं, पॉलिश मारून पुन्हा काळं करू. मी म्हटलं, काळं नकोच. गाडीच्याच पांढऱ्याने रंगवायचं, म्हणजे ती मधोमध कापल्यासारखी दिसणार नाही. तो म्हणाला, "तू चित्रकलेची बाई, तू ठरव." नवरा म्हणून बत्तीस वर्षं हेच उत्तर.

इनास साठीचा, इथल्याच गावातला. बोलणं कमी. पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "बाई, प्लास्टिक रंगाला जवळ येऊ देत नाय. पन एकदा बसला ना, मग सोडत पन नाय."

५ नोव्हें.

शाळा सुटल्यावर माणिकपूरहून रिक्षा करून थेट गाळ्यात. तासभर नुसती बघत उभी राहिले.

सगळ्या पट्ट्या उतरवून साबणाने धुतलेल्या. मग पाण्यात भिजवलेल्या काचपेपरने घासणं, इतकं हळू की लहान बाळाला तेल लावतोय असं वाटावं. वर पाणी ओतून बघतो. पाणी थेंब थेंब होऊन पळालं की म्हणतो, "अजून तेलकट हाय," आणि पुन्हा घासतो. शेवटी पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं. तेव्हा हसला. मग प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून प्रायमर, पातळ, जवळजवळ दिसतच नाही.

मी विचारलं, खडीवर घासली तर टवके नाही ना उडणार? त्याने जुन्या बंपरचा रंगवलेला तुकडा घेतला आणि माझ्यासमोर वाकवून दोन टोकं जुळवली. रंगाला चीरसुद्धा नाही! सोडल्यावर तुकडा सरळ. रंग आतूनच उगवल्यासारखा. तीस वर्षं रंग शिकवतेय, रंग वाकताना पहिल्यांदा पाहिला.

६ नोव्हें.

थोडी वादावादी.

इनासने माझ्यासमोर एका वाटीत पांढरा कालवला. त्यात काळ्याचा एक ठिपका, निळ्याचा एक ठिपका. पुठ्ठ्यावर मारून दाराला लावून दाखवला. मला वाटलं, नऊ वर्षं उन्हात राहिलेला पांढरा पिवळ्याकडे झुकणारच, वर्गात मुलांना मी हेच सांगते. म्हटलं, मी कालवते. दुसऱ्या वाटीत पिवळा घातला, किंचित तांबूस. पुठ्ठा दाराला लावला. तंतोतंत!

इनास: "बाई, तुमचा पिवळ्याकडं जातोय."
मी: "कुठे? मला दोन्ही सारखेच दिसतायत."
इनास: "सारखे नाय."
मी: "मग माझाच मारा."

जरा जोरातच बोलले. त्याने आपली वाटी बाजूला सरकवली. परतताना वाईट वाटलं, पण रंगाच्या बाबतीत माघार घ्यायची तर मग मी कोण?

११ नोव्हें.

गाडी घरी आली. काय दिसतेय! वरपासून खालपर्यंत एक. शंखातून कोरून काढल्यासारखी. सु.ने भोवती एक फेरी मारली, वाकून दाराखाली पाहिलं. म्हणाला, "छान."

चहा घेताना म्हणाला, पुढच्या आठवड्यात दोघंही डोळे तपासून घेऊ. त्याला चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतोय म्हणे. बरं, जाऊ.

१९ नोव्हें.

सु.चा नंबर आहे तोच. मोतीबिंदू मला! तोही दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त पिकलेला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, इतके दिवस काही जाणवलं नाही? समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, बाकी काही नाही. दिसतंय की सगळं. हळूहळू होतं, म्हणाल्या, म्हणून कळत नाही.

आधी उजवा. मग तीन-चार आठवड्यांनी डावा.

घाबरलेय. सु.ला दाखवलं नाही.

३ डिसेंबर

झालं. दुखलं नाही. डोळ्यावर पट्टी. सु. लिहितोय, मी सांगतेय, म्हणून आज एवढंच.

४ डिसें.

सकाळी पट्टी काढली.

कसं लिहू.

समोर परिचारिका उभी होती. तिचा कोट. मी म्हटलं, "तुमचा कोट किती पांढरा आहे हो!" ती हसली, म्हणाली, सगळे हेच बोलतात. पण हा पांढरा मी विसरले होते. विसरलेय हेही ठाऊक नव्हतं. त्या पांढऱ्यात गारवा आहे, निळ्याची पुसट छटा आहे. डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकला की तोच कोट चहात बुडवल्यासारखा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. पंधरा-वीस वेळा केलं असेल. रडू आलं, ते मनाई आहे म्हणून थांबवलं.

घरी सु.ची काळी पँट दोरीवर. काळी नाहीच, गडद निळी आहे. "कधीपासून?" "घेतली तेव्हापासून," म्हणाला.

मीठ. दूध. समोरच्या गच्चीवरची ताडपत्री. एवढा निळा रंग रोज समोर पडलेला होता?

५ डिसें.

आज खाली उतरले. काळा चष्मा काढून गाडीपाशी उभी राहिले.

वर पांढरी. खाली पिवळी. जुन्या हस्तिदंती बटणांसारखी पिवळी. दारांच्या खाली सरळ रेघ, आंधळ्यालाही दिसावी अशी. डाव्या डोळ्याने पाहिलं तर रेघ गायब, गाडी पुन्हा एक. ते शंखासारखं वाटणं खोटं नव्हतं. त्या डोळ्याला ती खरंच तशी दिसते.

अख्ख्या सोसायटीने महिनाभर पाहिलं असणार.

वर येऊन सु.ला विचारलं, "तुला दिसलं होतं?"
"हो."
"आणि छान म्हणालास."
तो वर्तमानपत्राची घडी घालत बसला. मग म्हणाला, "इनासचा फोन आला होता, रंग मारायच्या आधी. विचारत होता, काय करू. मी म्हटलं, ती सांगते तोच मार."
"का?"
"मला तुझा रंग बघायचा होता. तू रंगात कधी चुकत नाहीस. एवढी चुकलीस तर डोळ्यांत काहीतरी आहे, हे मला त्या पट्ट्यांवरून कळलं. नुसतं सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे आली असतीस?"

नसते आले. भांडले असते.

त्याचा नंबर वाढलाच नव्हता. आज लक्षात आलं.

राग आला पाहिजे होता. तो मान खाली घालून घडी घालतोय आणि मी त्याच्याकडे बघतेय, नव्या डोळ्याने. केस किती पिकलेत. रुपेरी. मी त्यांना करडे समजत होते.

१० डिसें.

इनासकडे गेलो, सु. गाडी चालवत. गेल्या गेल्या म्हटलं, "इनास, तुमचं बरोबर होतं." तो ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. म्हणाला, "नाय बाई, तुमचा पन बरोबर होता. तुमच्या डोळ्याला."

मग बघायला मिळालं ते असं. त्याने वाटीत पांढरा घेतला, काडीच्या टोकाने काळा टाकला, मग निळा. निळा टाकताना श्वास रोखून धरला होता त्याने. ठिपक्याआधीचा पांढरा आणि नंतरचा, फरक फक्त त्या एका ठिपक्याचा. ठिपका ढवळला गेला आणि पांढऱ्याने कूस बदलल्यासारखं झालं. आता मला ते दिसलं. गेल्या वेळी हेच माझ्यासमोर घडलं होतं आणि माझ्यासाठी काही घडलंच नव्हतं!

विचारलं, कुठे शिकलात? "बघून बघून. पहिली चार वर्षं नुसता पांढराच बघितला." चार वर्षं पांढरा बघणारा माणूस, आणि मी त्याच्यावर आवाज चढवला.

म्हणाला, लगेच रंगवून देतो. मी म्हटलं, दुसरा डोळा होऊ दे. खरं कारण वेगळं आहे. नीट सांगता येत नाही.

१६ डिसें.

शाळेत रुजू. पहिलं काम केलं ते कपाट उघडून आठवीचे कागद काढले. शर्वरीचं चित्र शोधत होते. अर्नाळ्याची मुलगी, वडिलांची होडी आहे. तिने समुद्र काढला होता आणि मी सबंध वर्गासमोर म्हटलं होतं, पाणी म्हणून एकच गडद रंग फासलाय, मेहनत नाही.

एकच रंग नाही. तीन निळे आहेत. काठाकडे हिरवट, मध्ये गर्द, आणि लांब एक असा निळा की त्याला मी नाव देऊ शकत नाही. एकमेकांत असे विरलेत की शिवण सापडत नाही. तेरा वर्षांची मुलगी. शाळेतल्या साध्या रंगपेटीतून.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. म्हटलं, माझे डोळे खराब होते, मला तुझं चित्र दिसलंच नव्हतं. ती बुटांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, खोल पानी तसंच असतं. बाबांनी एकदा नेलं होतं."
"हा शेवटचा निळा कसा केलास?"
"दाखवू?"
दाखवला. मला अजून जमत नाहीये.

वर्गातही सांगितलं, सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोर. आधीच्या वर्षांचे कागद नाहीत. त्या मुलांचं काय, माहीत नाही.

२० डिसें.

सु.ला म्हटलं, मिठागरांकडे घेऊन चल. मिठाचे नवे ढीग पडले नव्हते अजून, हंगाम पुढे आहे. पण वाफ्यांत पाणी भरलेलं, त्यात आभाळ. बांधावर बगळे. अर्धा तास बसलो. सु. म्हणाला, काय दिसतंय सांग. सांगत राहिले. 

३० डिसें.

उद्या डावा.

सकाळपासून काहीतरी राहून जातंय असं वाटत होतं. दुपारी कळलं. उद्यानंतर हे जुनं जग कुठेच असणार नाही. ते चहाच्या रंगाचे कोट, ती एकसंध गाडी. किती वर्षं मी तिथे राहिले, मोजता येणार नाहीत. तिथे सगळं उबदार होतं.

उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला. सु.ला पांढरा सदरा घालून खिडकीत बसवलं. जलरंग काढले आणि फक्त डाव्याने त्याला रंगवलं, जसा दिसतो तसा, एकदाही न तपासता. ऊन उतरेपर्यंत. तो हलला नाही.

झाल्यावर तो उठून मागे आला, बराच वेळ बघत राहिला.  रुमाल सोडायच्या आधी कागद उपडा करून ठेवला.

सकाळी सातला निघायचं आहे.