निळ्या पिंपातली चार मिनिटं

पप्पा,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. मी सात वर्षांची होते. ठाण्याजवळ दिवा गावातल्या आपल्या घरात तुमच्या भुताच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं.
२. पिंपात बुडालेल्या मुलीचं रडणं तुम्हाला हवं होतं. माझं खोटं रडणं तुम्हाला पटलं नाही.
३. तुम्ही मला रिकाम्या निळ्या पिंपात उतरवलंत. झाकण अर्धंच लावतो, म्हणालात.
४. झाकण पूर्ण लावलंत.
५. तो आवाज सिनेमात आहे.

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता सिनेमांचे आवाज साफ करते. हे ऐकून तुम्ही खूश झाला असतात, आणि तेच मला आवडत नाही. मागच्या आठवड्यात कॅमेरा धरणारे तुमचे मित्र, आपले काका, कॅसेटची पिशवी घेऊन ठाण्याला माझ्या स्टुडिओत आले. सिनेमा आता इंटरनेटवर टाकायचाय, आवाज तेवढा सुधारून दे, म्हणाले. "तुझ्या बापाने जीव ओतलेला गं त्यात." कोणाचा, ते मी विचारलं नाही.

सिनेमा चार वेळा पाहिला. वाईट आहे. मांत्रिकाची दाढी एकाच प्रसंगात दोनदा सरकते. आरशात माइक दिसतो. भूत कोण आणि का, हे नऊ मिनिटं समजावलंय, आणि समजल्यावर भीती संपते. लग्नाआधी मेलेल्या मुलीच्या भुताच्या पायात जोडवी आहेत, कारण भूत आईला केलंत आणि आई जोडवी काढेना. "जोडवी राहणार. तुमच्या भुताचं लग्न लावून टाका," ती म्हणालेली. तुम्ही पाय न दाखवण्याचं कबूल केलंत आणि मग दाखवलेत. कबूल करून मोडायची तुम्हाला सवयच होती.

पण पहिली वीस मिनिटं चांगली आहेत, हे लिहायला हवं. संगीत नाही. एक बाई नळाखाली हंडा लावून बसलेली आहे आणि नळातून नुसती हवा येतेय, थांबत, खोकत. खोपटच्या एसटी डेपोत दिवसभर इंजिनं ऐकून आलेल्या माणसाचा कान त्यात आहे. दिव्यातल्या माणसाला कशाची भीती वाटते ते तुम्हाला बरोबर कळलं होतं. घरातल्या माणसांचं तेवढं कळलं नाही.

पिंप रिकामं का होतं, तेही सांगते. न्हाणीतल्या प्रसंगासाठी तुम्ही भरलेल्या पिंपात लाल रंग कालवलात. दोन दिवसांचं पाणी, प्रसंग झाल्यावर ओतून दिलंत. आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात घेऊन उभी. ती ओरडली नाही. आता भात कशात शिजवू तेवढं सांगा, म्हणाली, आणि दोन हंडे घेऊन खाली टँकरच्या रांगेत गेली. ती गेली म्हणून तुम्हाला मला पिंपात घालता आलं. ती परत आली तेव्हा मी बाहेर होते आणि तुम्ही तिला सांगत होतात, मिनिटभरसुद्धा झालं नाही गं. ते मी बावीस वर्षं खरं मानलं. लहान मुलांना वेळ मोठा वाटतो, असं स्वतःला समजावलं.

कॅसेटवर चार मिनिटं अकरा सेकंद आहेत. झाकणाला पाइपसाठी भोक होतं, त्यातून माइक आत सोडला होतात. आधी मी हसतेय. मग प्लास्टिकवर नखं वाजतात. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर मी अगदी साध्या आवाजात म्हणते, "पप्पा, बास. आता खरंच." त्यापुढचं रडणं तुम्ही सिनेमात घेतलंत, हे वाक्य वगळून. हेडफोन कोणाच्या कानात होते, असं मी काकांना फोन करून विचारलं. "त्याच्याच. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा का तो?"

त्या माइकचा आवाज त्या हेडफोनमध्ये किती स्पष्ट येतो, हे मला माहीत आहे. माझं कामच ते आहे.

रडणं काढून पाहिलं. त्याच्याशिवाय शेवट उभा राहत नाही. दुसऱ्या मुलीचा आवाज लावून पाहिला, तोही खोटा वाटला. म्हणून तुम्ही घेतलेलंच परत जागेवर ठेवलंय. बाकी सगळीकडची घरघर काढली, त्याला हात लावला नाही. अजून काढून टाकू शकते.

झाकण उघडल्यानंतरही कॅसेट मिनिटभर चालू आहे. उघडताना तुमचा श्वास येतो, आणि तिथे मी दर वेळी थांबवते. पुढे तुम्ही मला काय म्हणालात, ते मला आठवत नाही आणि मी ऐकलेलं नाही.

हे पत्र सिनेमाच्याच फोल्डरमध्ये ठेवतेय. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम काकांना द्यायचंय. 'बास' तुम्हाला ऐकू आलं होतं का, एवढंच सहाच्या आत कळवा. नाही कळवलंत तर पुढचं मिनिट मला ऐकावं लागेल.