सावद्याच्या ओट्यावरची लाल खुर्ची

बुधवार, संध्याकाळ. मेहरूण.

जिंकले! आज सावद्यात आमच्या लाल खुर्चीवर कोणीतरी बसलं, आणि तेही नाना!

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दर बुधवारी मी देवळाच्या ओट्यावर ती खुर्ची मांडते. कोणी मनातलं बोललं तर ऐकायचं, सल्ले द्यायचे नाहीत. पण तिला 'वेड्यांची खुर्ची' म्हणायला नानांनीच सुरुवात केली. गावात त्यांचा शब्द मोडतो कोण? आजही रिकामी राहिली तर बंद करू, असं कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं.

आणि आज केळीच्या बागेतून येऊन नाना सगळ्यांदेखत तिच्यावर धपकन बसले. "पोरी, बायको गेल्यापासून झोप नही येत वं मले. घर खाले उठते."

माझ्या ओठांवर सल्ले आले होते, गिळले सगळे. जमलं का मला? जमलं! नाना बोलत राहिले, मी ऐकत राहिले. त्यांचं होईस्तोवर त्यांच्या शेजारच्या अक्का पदर सावरत मागे रांगेत येऊन उभ्या!

निघताना नेहमीसारखी खुर्ची परत न्यायला उचलली, तर नाना ओरडलेच.

"ठेव ते आठीच. उद्या दुसऱ्या कोनाले लागीन."